पुलाखालची सव्वासातची गाडी

आमचं गाव येरमाळ्याच्या अलीकडं, हायवेला लागून. हायवे चौपदरी झाला आणि गावावरून मोठा उड्डाणपूल गेला, तेव्हा सगळ्यांनाच भारी वाटलं होतं. पोरं पुलावर जाऊन फोटो काढायची. मग हळूहळू ध्यानात आलं, की आता एसटीसुद्धा पुलावरूनच जाते. पूर्वी ती शाळेपाशी थांबायची, कंडक्टर उतरून पाणी प्यायचा, दोन माणसांशी बोलायचा. आता ती आमच्या डोक्यावरून धाराशिवला निघून जायची आणि आम्ही खाली उभे.

मी धाराशिवात एका कापड दुकानाच्या माडीवर शिलाईचं काम करते. ब्लाऊज, फॉल-बिडिंग, आणि जून आला की शाळेचे गणवेश. माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी अक्का म्हणते, त्या मुलांच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटतात. धाकटी जाऊ, म्हणजे चुलत दिराची बायको, दवाखान्यात आया आहे. आम्ही तिघी रोज सकाळी बरोबरच निघायचो, आणि जायचो त्या चुलत दिराच्याच जीपमधून. दहा जणांच्या जीपमध्ये सोळा-सतरा माणसं. कुणाचा डबा कुणाच्या मांडीवर, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, ते आम्ही मोबाईलवर वाचलं होतं. आम्ही भरायचो मात्र जीपचं पूर्ण भाडं.

आमदारबाई गावात आल्या त्या एका सभागृहाच्या उद्घाटनाला. आमदार होण्याआधी त्या अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका होत्या, त्यामुळं आमच्या भागातल्या निम्म्या बायका त्यांना तोंडओळखीनं ओळखायच्या. सुती साडी, पायात पोरींसारखे बूट, आणि आवाज असा की माईक नसला तरी चालेल. त्या दिवशी भाषणात महागाईवर बोलल्या. कष्ट करणाऱ्या घराचा खर्च कमी झाला पाहिजे, त्यासाठी कायकाय चाललंय, हे सांगता सांगता अर्ध्या तिकिटावर आल्या आणि म्हणाल्या, "मग, फायदा होतोय का न्हाय?"

टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्यावर अक्का उठल्या. पदर खोचला आणि म्हणाल्या, "बाई, तिकीट अर्धं दिलंत, लई ब्येस झालं. पर गाडीच न्हाय. त्या अर्ध्या तिकिटाचं आमी काय लोणचं घालावं?"

सरपंचांनी कपाळाला हात लावला. मी अक्कांचा पदर ओढत होते. पण बाई मोठ्यानं हसल्या. मग हसू आवरून त्यांनी विचारलं, "गाडी न्हाय म्हंजे?" अक्कांनी बोटानं वर दाखवलं. नेमकी तेव्हाच एक लाल गाडी पुलावरून गेली.

"तुम्ही सकाळी किती वाजता निघता?" बाईंनी विचारलं.

"सव्वासातला."

"उद्या मी येते तुमच्याबरोबर."

पुढारी असं बोलतातच, म्हणून आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सात वाजता आम्ही पुलाखाली पोचलो, तर बाई आमच्या आधी येऊन उभ्या. गाडी घरी पाठवून दिलेली, हातात पिशवी, बरोबर एकच माणूस, आणि तोही जांभया देणारा. सव्वासातची एसटी आली. म्हणजे वर आली. बाईंनी रस्त्याच्या कडेला जाऊन दोन्ही हात वर करून हलवले. गाडी गेली.

"बघा," अक्का म्हणाल्या, "आमदारांनी हात केला तरी थांबत न्हाय. आमाला काय थांबणार?"

मग दिराची जीप आली. बाईंना बघून त्याची बोबडीच वळली. खांद्यावरच्या उपरण्यानं त्यानं पुढची सीट पुसली, दोनदा पुसली, पण बाई मागं चढल्या आणि माझ्या आणि एका गवंड्याच्या मधे बसल्या. धाराशिव येईपर्यंत त्यांच्या मांडीवर अक्कांचा डबा होता आणि पायावर गवंड्याची थापी. दीर भाडं घेईना. त्यांनी सगळ्यांनी दिलं तेवढंच मोजून त्याच्या हातावर ठेवलं. उतरल्यावर कमरेला हात लावून सरळ व्हायला त्यांना थोडा वेळच लागला.

"रोज असंच?" त्यांनी मला विचारलं.

"रोज," मी म्हटलं. "आज तर जरा मोकळी होती."

तिथून पुढचं काम सुरू झालं. बाईंनी एसटीच्या ऑफिसला पत्र पाठवलं. महिनाभरानं उत्तर आलं. सदर ठिकाणी प्रवासी आढळून येत नाहीत, सबब थांबा देणे शक्य नाही. बाईंनी मला फोन केला. माझा नंबर त्यांनी त्या जीपमध्येच घेतला होता. फोनवर त्यांचा आवाज इतका मोठा, की माडीवरच्या चारही मशिनी थांबल्या. "अगं, पुलावरून जाणाऱ्याला पुलाखालची माणसं दिसणार कशी? मला माणसं दाखवून दे. कागदावर दे. कोण, कुठं कामाला जातं, किती वाजता जातं, सगळं."

एका रविवारी मी वही घेऊन घरोघर फिरले. लग्न होऊन बारा वर्षं झाली होती, पण आपल्या गावातल्या इतक्या बायका रोज कामाला बाहेर जातात हे मला तेव्हा कळलं. कुणी झेरॉक्सच्या दुकानात, कुणी मंगल कार्यालयात भांडी घासायला, एक जण तर कोर्टात वकिलाकडं टायपिंगला. मला वाटायचं ती माहेरी असते. पुरुषही आले सही करायला. एक म्हातारा म्हणाला, "आमाला पुरं तिकीट पडंल, पर मांडी घालून तर बसता यील." दिराच्या घरी मात्र मी गेले नाही. धाकटीच संध्याकाळी आमच्याकडं आली, वही ओढली आणि सही करून गेली.

हिवाळ्यात नागपूरला अधिवेशन होतं. बाईंनी तिथं प्रश्न टाकला. ज्या दिवशी तो येणार होता, त्या दिवशी अक्का मेसमधून सुट्टी काढून माडीवर आल्या आणि आम्ही सगळ्याजणी माझ्या मोबाईलभोवती गोळा झालो. बराच वेळ कुणाकुणाचा गोंधळच चालला होता. मग बाई उभ्या राहिल्या. आमच्या गावाचं नाव घेतलं. अक्कांनी मोबाईललाच हात जोडले. प्रश्न असा होता, की या गावी बस थांबत नसल्यानं कामगार महिलांना सवलतीचा लाभ मिळत नाही, हे खरे आहे काय? उत्तर आलं, हे अंशतः खरे आहे.

"अंशतः म्हंजी?" अक्कांनी विचारलं.

"थोडं खरं, थोडं न्हाय."

"गाडी थोडी थांबती का मग?"

पुढं किती तरी दिवस आमच्या घरात तोच चाळा होता. भाजी खारट झाली का विचारलं, की अक्का म्हणायच्या, हे अंशतः खरे आहे. पण बाईंनी त्या उत्तराला सोडलं नाही. माझी वही त्यांनी नागपूरला नेली होती. तीच पुढं करून त्या चार जणांना भेटल्या, आणि शेवटी पंधरा दिवसांची मुदत मिळाली. रोज सव्वासातला गाडी पुलाखाली येईल. माणसं चढली तर थांबा कायम. नाही चढली तर विषय संपला.

पहिल्या दिवशी बाई आल्या नाहीत. आधीच फोनवर म्हणाल्या होत्या, "मी आले की फोटो होतात आणि गाडीला उशीर होतो." अक्कांनी नारळ आणला होता. ड्रायव्हर म्हणाला, मावशे, टाइम न्हाय. अक्का म्हणाल्या, एका नारळाला कितीसा टाइम लागतोय, आणि चाकापुढं फोडलासुद्धा. गाडीत बसायला जागा मिळाली, काच उघडी मिळाली. कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडून दिलं तेव्हा एक बाई ते तिकीट घरी दाखवायला म्हणून ब्लाऊजमध्ये ठेवून बसली.

तिसऱ्या दिवशी दिरानं भाडं उतरवलं. एसटीच्या अर्ध्या तिकिटापेक्षाही खाली. शिवाय दारात येऊन हॉर्न द्यायला लागला. आता पुलापर्यंत चालायचं नाही, वेळेचं बंधन नाही, आणि स्वस्त. बायका जीपमध्ये बसू लागल्या. खोटं कशाला सांगू, एक दिवस मीही बसले. थंडी होती आणि जीप दारातच उभी होती.

आठव्या दिवशी बाईंचा फोन आला. या वेळी आवाज मोठा नव्हता. "गाडी रिकामी जातीय म्हणे."

मी झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझं नाक गेलं तरी चालेल गं. नाक पुन्हा येतं. गाडी एकदा गेली की येत न्हाय. आणि गाडी गेल्यावर जीपचं भाडं कुठं जातंय, ते तुम्हीच बघा."

त्या संध्याकाळी मी सगळ्याजणींना आमच्या अंगणात बोलावलं. दीरही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्याला कळलं होतं. आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "वैनी, म्या काय वाईट केलं तुमचं? माझ्या पोटावर पाय का देताव?"

माझ्या मुलीच्या वेळी कळा सुरू झाल्या, तेव्हा यानंच भर पावसात जीप काढून मला दवाखान्यात नेलं होतं आणि डिझेलचेही पैसे घेतले नव्हते. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही काही वाईट केलं न्हाय. पण पंधरा दिवस झाल्यावर भाडं हेच ठेवाल का?"

तो खाली बघत म्हणाला, "एवढ्यात न्हाय परवडत. हप्ता हाय, डिझेल हाय."

"खरं बोलला," अक्का म्हणाल्या.

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली धाकटी म्हणाली, "म्या उद्यापासनं यष्टीनंच जाणार."

दिरानं वळून बघितलं. "घरची जीप असताना?"

"घरच्या जीपमंदी मला बसायला कुठं मिळतंय? भाडं देणारा आला, की तुमी मला उठिवताव. चार वरसं झाली, मी मागल्या दारात लोंबकळून जातीया. दवाखान्यात दिवसभर उभीच असती मी."

ती भांडत नव्हती. तिनं ते अगदी साधेपणानं सांगितलं. दीर चपला घालून निघून गेला. मला त्याचं वाईट वाटलं. धाकटीचं इतकी वर्षं वाटलं नव्हतं, याचं जास्त वाईट वाटलं. ती माझ्या शेजारीच तर लोंबकळायची.

दुसऱ्या दिवशी पुलाखाली ती सगळ्यांच्या आधी उभी होती. गाडीत चढली, खिडकीची जागा धरली आणि धाराशिव येईपर्यंत झोपली. तिचं बघून बाकीच्या आल्या. शेवटचे चार दिवस तर काही जणींना उभं राहावं लागलं, पण कुरकुर कुणीच केली नाही. कंडक्टरनंच अक्कांना सांगितलं, "मावशे, आता थांबा कायमचा झाला समजा." पत्र आठवडाभरानं आलं.

दीर दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस बाईंनीच त्याला धाराशिवात बोलावून घेतलं. काय बोलणं झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण पुढच्या सोमवारपासून तो सकाळी लांबच्या वस्त्यांवर जायला लागला. तिथल्या पोरींना शाळेत आणि कामाच्या बायकांना पुलाखाली आणून सोडतो. संध्याकाळी मात्र एसटी अजून पुलावरूनच जाते, त्यामुळं परत येताना आम्ही त्याच्याच जीपमध्ये असतो. धाकटी आता पुढं बसते. पूर्वीएवढं सुटत नाही असं तो म्हणतो, आणि ते खरं आहे. बाईंनाही ते माहीत आहे. सगळ्यांचंच भलं झालं असं त्या भाषणात कधी म्हणत नाहीत.

मधे त्या आमच्या माडीवर आल्या होत्या, ब्लाऊज शिवायला टाकायला. मी टेप घेऊन माप घेत होते. मनातून त्यांचे आभार मानायचे होते, पण शब्द जुळवेपर्यंत त्याच म्हणाल्या, "संध्याकाळच्या गाडीचं पत्र परत आलं बघ."

"काय लिहिलंय?"

"प्रवासी आढळून येत न्हाईत." त्यांनी एक हात वर केला, म्हणजे मला दंडाचं माप घेता येईल. "तुमची कामं किती वाजता सुटतात ते सांग बरं. एकेकीचं सांग."

मी टेप गळ्यात अडकवली आणि सांगायला लागले. अक्कांची मेस सहाला. दवाखाना साडेपाचला, पण बदलीवाली आली तरच. झेरॉक्सवाली सातला. बाईंनी दुसऱ्या हातानं पिशवीतून पेन काढलं, टोपण दातानं उघडलं आणि म्हणाल्या, "सावकाश सांग. आणि बाह्या जरा सैल ठेव."