साय काढून दे

हडपसरच्या आमच्या प्रयोगशाळेत रक्तातल्या पेशी वेगळ्या करायचं काम आलिमाचं. मी उल्का, बाहेरच्या टेबलावर नमुने घेते. म्हणजे माणसांचे चेहरे माझ्या वाट्याला, पेशी तिच्या.

तिचे वडील, दादामियाँ, दुधाचे रतीब घालायचे. घरात रोज साय निघायची, तिचं तूप व्हायचं. इथे आल्यावर तिने आम्हाला तीच भाषा शिकवली. नळीत एक जड द्रव असतो, त्यावर रक्त अलगद सोडायचं आणि नळी यंत्रात गरगर फिरवायची. तांबड्या पेशी तळाला बसतात, पिवळं पाणी वर राहतं आणि मध्ये पांढुरकं कडं धरतं. त्या कड्यात पांढऱ्या पेशी. त्याला पुस्तकात भलंमोठं नाव आहे, पण आलिमा म्हणाली, ‘साय’, आणि झालं. साहेबसुद्धा साय म्हणू लागले. बाई तशी तोंडाची फटकळ, पण हात असा हलका की नळीतली रेघ मोडायची नाही.

त्या दिवशी रणजितचा नमुना आला होता. फुरसुंगीचा तरुण गडी, रक्ताचा कर्करोग. औषध सुरू व्हायच्या आधी घेतलेलं रक्त. त्या पेशींवरून त्याच्या आजाराची खूण पटवून ठेवायची होती, म्हणजे पुढे आजाराने जरा डोकं वर काढलं तरी लगेच ओळखता येणार. रक्त आमच्याकडे पोचलं आणि तिकडे रुग्णालयात त्याला औषधाची पहिली सलाईन लागलीसुद्धा.

नळी यंत्रातून निघाली तेव्हा आलिमाचे दोन्ही हात दुसऱ्या कामात अडकले होते. मान न वळवता ती म्हणाली, “रुपाली, ती साय काढून दे गं.”

रुपाली दुसऱ्या विभागातून नुकतीच आलेली. तिथे कामाचं असायचं ते वरचं पिवळं पाणी. आणि कोथरूडच्या तिच्या घरी चहा मागायचा तोच मुळी ‘साय काढून दे’ म्हणून. तिने पांढरं कडं नीट ओढून घेतलं, जंतुनाशकाच्या डब्यात सोडलं आणि उरलेली नळी आलिमापुढे धरली.

“साय कुठाय?”

“काढली ना.”

मी पावतीवर सही घ्यायला आत गेले होते. आलिमाने डब्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. डब्यातलं काही परत मिळत नाही, हे मलासुद्धा ठाऊक आहे. चूक कुणाची म्हणायची? दोघी शुद्ध मराठीत बोलल्या होत्या.

साहेब धावत आले. डोकं धरून बसले, मग हळूच म्हणाले, “रक्त गोठलं होतं म्हणून कळवू.”

“गोठलं नव्हतं, सर,” आलिमा म्हणाली.

रणजितची आई, सोजरबाई, बाहेर पावतीसाठी थांबलेली. आलिमा स्वतः तिच्यासमोर जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. नमुना आमच्या हातून गेला, आणि औषध सुरू झाल्यामुळे तसं रक्त आता मिळायचं नाही.

“म्हंजे दुखणं परत आलं, तर?”

“कळेल, मावशी. पण लवकर कळणार नाही.”

ती ओरडेल, शिव्या देईल, असं मला वाटलं होतं. तिने दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तिने हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात टेबलावर ठेवला.

“माजं घ्या. मी आय हाय त्याची. त्याचं रगत माज्यातलंच हाय की.”

आलिमाने तो हात दोन्ही हातांत धरला आणि तिला रडू कोसळलं. सोजरबाईला वाटलं, आता सुई टोचतील. तिने तोंड दुसरीकडे वळवलं आणि मूठ घट्ट आवळून धरली.