गाठ मोठ्या शिरेत गेली की

इस्पितळात नोकरी केली म्हटलं की लोक म्हणतात, "गमतीजमती सांगा की!" किस्से ढीगभर साठलेत, पण ऐकून हसणारा अजून भेटला नाही. पिंपरीत नुकते कारखाने उभे राहत होते, तेव्हा मी तळेगावकडच्या एका इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स होते. आमच्या डॉक्टरांचा एकाच दुखण्यावर दात होता. मूत्रपिंडातला कॅन्सर वाढत वाढत हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत घुसायचा. मूत्रपिंड काढता यायचं, पण शिरेला हात लावला की रक्ताचा लोंढा!

*

निघोज्याच्या एका पेशंटच्या भावाला डॉक्टर समजावत होते, "एक मूत्रपिंड काढलं तरी माणूस जगतो."

"मंग ती शीर बी काढा की!"

"ती एकच असते हो."

भाऊ चिडला. "देवानं नको तिथं जोडी दिली, राव!"

मग रक्त मागितलं. पेशंटला भाऊ पाच; पाचही बैलांना पाणी दाखवायला म्हणून गेले, ते गेलेच. पेशंटची बायको हात पुढे करून बसलेली. म्हणाली, "एका रक्ताचे हायेत म्हणं. वाटणी मागताना!" तिचं रक्त जुळलं नाही आणि ऑपरेशन झालंच नाही. मला आजही संताप येतो.

*

एकदा मात्र जमलं! डॉक्टरांनी शीर वर-खाली चिमटली, उघडली, बोटाएवढी गाठ ओढून काढली आणि शीर शिवली. भूल देणारे ओरडत होते, "आटपा, नाडी लागत नाही!" पेशंट वाचला. पुढे तो एका कारखान्यात नोकरी मागायला गेला. साहेबानं शर्ट वर करायला लावून व्रण बघितला. "दोन्ही मूत्रपिंडं असलेले रांगेत उभे आहेत. तुला कशाला घेऊ?"



*

चाकणकडचा एक पाथरवट होता, चाळीस वर्षं जाती-पाटे घडवलेला. पोट उघडलं तर गाठ शिरेतून थेट हृदयाच्या तोंडाशी. तसेच टाके घालून बंद केलं. बायकोला बाहेर सांगितलं, तर ती डॉक्टरांच्या पायाच पडली. "त्यास्नी सांगू नका. मूतखडा निघाला म्हना." तेव्हा पेशंटला कॅन्सर म्हणून सांगतच नसत.

शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "खडा दावा की, बाई."

मी मागच्या अंगणात गेले, एक बारका खडा उचलला, स्पिरिटनं धुतला आणि गॉजवर ठेवून आणला.

त्यानं तो बोटांत फिरवला, नखानं खरवडला. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. बायको पलंगाची कड धरून उभी होती.

"बघ गं," तो तिला म्हणाला, "केवढा व्हता! निघाला एकदाचा. आता रडायचं न्हाई."