घड्याचं तोंड

"टोक धरा, ताई," असं म्हणून काका टेपचं टोक माझ्या हातात द्यायचे आणि उलट्या पावलांनी मागे मागे जायचे. मागे काय आहे ते बघायचे नाहीत. कचऱ्याच्या डब्याला पाठ टेकली की थांबायचे, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचायचे आणि म्हणायचे, "आधी माप. कौतुक मागाहून."

इकडे परदेशात, सनीव्हेलच्या कुठल्याही अपार्टमेंटच्या आवारात सकाळी दहाच्या सुमाराला गेलात तर आमच्यासारखी माणसं तुम्हाला दिसतील. मुलं कामावर, नातवंडं शाळेत, आणि उरलेले आईबाप स्वेटर घालून ऊन शोधत हिंडतायत. काका त्यांच्यातलेच. पण ते ऊन शोधत नसत. पार्किंगच्या जागा मोजत असत.

एकदा कुणीतरी तक्रार केली, एक म्हातारा गाड्यांभोवती टेप घेऊन फिरतो म्हणून. ऑफिसातली बाई खाली आली. काकांनी तिला घडी केलेला कागद उघडून दाखवला. सगळं आवार त्यात होतं, झाडांसकट. सात नंबरच्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं आणि वीत करून दाखवली, एवढी कमी. ती जागा आमच्या जावयाची. तीन वर्षं गाडीचं दार घासत होतं आणि बिचारा स्वतःच्या ड्रायव्हिंगला दोष देत होता. बाई हसली आणि तो कागद मागून घेऊन गेली.

मला त्यांनी शिक्षण विचारलं तेव्हा मी धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत बघत "चौथी" म्हणाले होते.

"पाढे येतात?"

"तीसपर्यंत. पावकी, निमकी पण."

"मग झालं की! माझ्या मुलाच्या सगळ्या कंपनीत कुणाला येणार नाही." त्या दिवसापासून टेपचं टोक माझ्याकडे आलं.

काका पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन होते. जमीन उकरून जे निघेल ते मापाबरहुकूम कागदावर काढायचं, हे त्यांचं काम. तरुण असताना मराठवाड्यात एका गावाजवळच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडात त्यांना परदेशी घड्याचा तळ सापडला होता. खाली निमुळता, टोकदार. असा घडा उभा राहत नाही, जहाजात वाळूत खोचून ठेवायचे म्हणे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक त्यातून दारू पाठवत आणि आपल्याकडचे सावकार ती पीत. तळाच्या मातीत कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा होता. काकांनी त्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला होता. "माझ्यापेक्षा लहान, ताई. पोरगेला असणार."

त्या घड्याचं चित्र खात्याच्या पुस्तकात छापलं गेलं. खाली बारीक अक्षरात काकांचं नाव होतं. उभ्या नोकरीत एवढी एकच गोष्ट त्यांच्या नावाने छापली गेली. तो घडा ज्या बाजूने आला ते पाँपेई एकदा बघायचं, राखेखाली गेलेले वाडे आणि देवळं पायांनी मोजायची, एवढीच त्यांची इच्छा होती. मुलगा म्हणायचा, "बाबा, ग्रीन कार्ड येऊ दे. आता देशाबाहेर गेलात तर अ‍ॅप्लिकेशन अडकेल." काका म्हणायचे, "शहर दोन हजार वर्षं थांबलंय. माझं मला सांग."

पाँपेई राहिलं, पण आमच्या ज्येष्ठ मंडळींची सहल निघाली. दक्षिणेकडे समुद्राकाठी एका श्रीमंत माणसाने रोमन वाड्याची हुबेहूब नक्कल बांधली आहे आणि आत संग्रहालय केलं आहे. पहाटे बस निघाली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बेसनाचे लाडू. आठ तासांचा प्रवास काकांनी अठ्ठेचाळीस जणांना शिकवण्यात घालवला. मधे चौक कसा, चौकात पावसाचं पाणी धरायची टाकी कशी, देवघर कुठे. एक काकू शेवटी म्हणाल्या, "अहो, आम्हाला घर दाखवताय की विकताय?"

तिथे गेल्यावर काका वाडाभर पावलं मोजत हिंडले. लांब तळं, दोन्ही अंगांना खांब, भिंतींवर रंगवलेल्या फळांच्या माळा. "नक्कल आहे, पण प्रामाणिक आहे," म्हणाले.

आत देवांचं दालन होतं. देवळांतून आणलेल्या मूर्ती, उंच, पांढऱ्या. मी दारातच थबकले आणि बूट काढून बाजूला ठेवले. मागच्या बायकांनी पाहिलं, त्यांनीही काढले. बघता बघता दाराशी पंधरा-वीस जोड लागले. पहारेकरी धावत आला. धिप्पाड, काळासावळा माणूस. काकांनी त्याला इंग्रजीत काहीतरी समजावलं. तो आमच्या पायांकडे बघत राहिला, मग खुर्ची ओढून त्या बुटांपाशीच राखणीला बसला.

मूर्तींना नाकं नव्हती, हात नव्हते. मी हळूच म्हणाले, "खंडित मूर्ती ठेवू नयेत ना, काका? आपल्याकडे पाण्यात सोडतात."

"पूजेत ठेवू नयेत. इथे पूजा कुठे आहे? आणि बघा, तुटलेला हात कुणी नवा बसवलेला नाही. जेवढं मिळालं तेवढंच उभं केलंय. याला म्हणतात इमान."

पुढच्या दालनात काचेच्या कपाटात तो घडा होता. पुरुषभर उंचीचा नव्हे, माझ्या छातीपर्यंत येईल एवढा. खाली तेच टोक. वर लांब, बारीक मान, दोन उभे कान आणि अगदी लहानसं तोंड. मला वाटलं काका आनंदतील. मी टेपसाठी हात पुढेसुद्धा केला. काका काचेला नाक लावून उभे होते. बस सुटायची वेळ झाली, दोनदा बोलावणं आलं, तरी हलले नाहीत. शेवटी मी बाहीला धरून आणलं.

बसमध्ये लाडू फिरला, त्यांनी घेतला नाही. मग म्हणाले, "ताई, मी घागर काढली."

"कुठली घागर?"

"आमच्या आईची. पुस्तकात. तळ सापडला होता, वरचं काही सापडलं नव्हतं. नुसता तळ पानावर बोडका दिसत होता. मला वाटलं, तोंड काय, असंच असणार. घागरीचं काढलं. रुंद, ओठ बाहेर वळलेले. कधी दुसरा घडा पाहिलाच नव्हता ना मी."

मला हसू आलं. "रोमन दारूला तुमच्या आईची घागर! बिघडलं काय त्यात?"

काका हसले नाहीत. "कुणीतरी ते पान उघडतो तो माझ्यावर विश्वास ठेवून, ताई. मी बघितलं असेल असं त्याला वाटतं."

त्यानंतर पाँपेईचं नाव त्यांनी काढलं नाही. टेपही कपाटात गेली. चित्र दुरुस्त करून खात्याकडे पाठवायचं, एवढंच मनात राहिलं. मुलगा म्हणाला, "बाबा, पन्नास वर्षं झाली त्याला. कोण बघतंय? लेट इट गो ना." मुलगा वाईट नाही. रोज रात्री वडलांच्या पायांना तेल चोळणारा मुलगा आहे. पण त्याला ते म्हातारपणचं खूळ वाटलं.

काका खिडकीशी टेबल घेऊन बसू लागले. मी भाजी निवडायला तिथे जाऊन बसायची. हात थरथरायचा म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरून रेघ ओढायचे. दिवसाला बोटभर काम व्हायचं. पावसाळी हवा होती, चारलाच दिवा लागायचा. आधी त्यांनी नवं तोंड काढलं, संग्रहालयातल्यासारखं बारीक. सुरेख जमलं होतं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर कागदाचे तुकडे टोपलीत.

"अहो, का?"

"तेही माझ्या घड्याचं नव्हे. दुसऱ्याचं आहे. आईचं काढून शेजारणीचं लावलं, एवढाच फरक."

मग पुन्हा सुरुवात. या वेळी तळ, टोक, अंगठ्याचा ठसा, पोटाचा थोडा भाग, आणि जिथे खापर तुटलं होतं तिथे वेडीवाकडी रेघ. वरचा सगळा कागद पांढरा. एका मंगळवारी त्यांनी पेन खाली ठेवलं, चित्राखाली सही केली आणि पाठ टेकली.

"झालं, ताई. पुरं झालं."

"आणि वरचं?"

"वरचं सापडलं नाही." एवढं साधं वाक्य, पण इतकं मोकळं होऊन बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. "पत्र उद्या लिहितो. आज हात चालत नाही. मग पोस्टात टाकू."

बुधवारी सकाळी ते न्हाणीत पडले.

मी दवाखान्यात गेले तेव्हा काकांच्या तोंडात नळी होती. डोळे उघडे होते आणि माझ्याकडे बघत होते. काय विचारत होते ते मला कळत होतं. मुलगा शेजारीच उभा होता. त्याला सांगायला हवं होतं की टेबलावरचा कागद तसाच्या तसा पाठवायचा आहे, तो पुरा आहे. पण नर्स होती, सून होती, सगळे इंग्रजीत बोलत होते. मी काकांच्या पांघरुणाची घडी सारखी केली आणि म्हणाले, "बरे व्हा लवकर." रविवारी ते गेले.

तेराव्या दिवसानंतरच्या शनिवारी हॉल घेऊन सगळ्यांना बोलावलं होतं. मी मागे, दाराजवळ बसले. पुढे टेबलावर काकांचा फोटो, आणि शेजारी मोठ्या चौकटीत तो घडा. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. घड्याला तोंड होतं. रुंद, ओठ बाहेर वळलेले.

मुलगा बोलायला उभा राहिला. "बाबांचं शेवटचं ड्रॉइंग टेबलावर होतं. अर्धंच राहिलं होतं. मला ते बघवेना. मग मी बाबांचा जुना रिपोर्ट शोधला, एका लायब्ररीच्या साइटवर मिळाला. त्यातला वरचा भाग स्कॅन केला आणि मित्राने तो याच्यावर जोडून दिला. जॉइंटसुद्धा दिसत नाही." त्याने चौकट हाताने सरळ केली. "बाबांचं काम मी पुरं केलं."

माणसं डोळे टिपत होती. एक जण उठून चौकटीजवळ गेला, जोड शोधू लागला, त्याला सापडला नाही.

जेवणं झाल्यावर मुलगा माझ्यापाशी आला. दाढी वाढलेली, दोन आठवडे झोप नसलेला चेहरा. "मावशी, शेवटी तुम्हीच बसायचात त्यांच्याजवळ. बरं झालं ना पुरं केलं ते? बाबांना आवडलं असतं ना?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. एकच वाक्य होतं, काकांचं, तेच सांगायचं होतं. तो माझ्याकडे लहान मुलासारखा बघत होता.

"छान झालंय," मी म्हणाले.

तो वाकला आणि माझ्या पाया पडला.