बाबांनी पाहिलेली ड्रॉ मॅच

बाबांना फक्त टेनिस बॉलची मॅच माहीत. ते अनसिंग ते वाशिम प्रवासी जीप चालवतात. गावात मॅच असली की जीप बाउंड्रीला लावतात आणि कोणी सिक्स मारला की हॉर्न वाजवतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मी कॉलेजच्या टीममध्ये आहे हे कळल्यावर ते जीप घेऊन वाशिमला मॅच पाहायला आलेच.

पण ही कसोटीसारखी मॅच होती, दोन दिवसांची, दोन-दोन डावांची. ते पोचले तेव्हा दुसऱ्या दिवसाचे ऊन कलले होते. जिंकणे आमच्या हातातून गेले होते. शेवटची जोडी खेळत होती, त्यात मी. अंधारापर्यंत टिकलो तर ड्रॉ, आउट झालो तर हार.

फिरकी गोलंदाजाने जवळजवळ सगळे फिल्डर माझ्याभोवती आणले होते. त्यांच्यामागे सारे मैदान मोकळे. चेंडूही उंच, मोह पाडणारा. मी पाय पुढे टाकून तो तिथेच दाबत होतो.

जीपचा हॉर्न वाजला. "मार ना रे! कायले भिऊन राह्यला?"

"बाबा आले काय बे?" यष्टिरक्षक हसला. "मार मंग त्यायच्यासाठी एक."

माझे कान तापले. पोरगं भित्रं आहे, हे बाबांचे माझ्याबद्दलचे जुने मत. एका टोल्यात ते पुसता येईल असे वाटले. पुढच्या चेंडूला मी बॅट उचललीही. पण चेंडू अचानक खाली आला, आणि मी कशीबशी बॅट त्याच्यावर आणली. तो पायाशीच पडला. त्यानंतर मी बाउंड्रीकडे पाहिले नाही. थोड्या वेळाने हॉर्नही थांबला.

अंधारून आले आणि पंचांनी बेल्स उचलून खेळ संपवला, तेव्हा आमची पोरे धावत आत आली.

"कोन जिंकलं?" बाबांनी विचारले.

"कोनीच नाही."

"मंग हे कायले नाचून राह्यले?"

"हरनार होतो, बाबा. हरलो नाही." याहून नीट मला सांगता आले नाही.

मला घेऊन ते जीपकडे निघाले. वाशिमच्या स्टँडवर जीप भरली. पुढे बसलेल्या ओळखीच्या काकांनी विचारले, "काय भाऊ, पोरानं किती रन काढले?"

"रन नाही काढले," बाबा गिअर टाकत म्हणाले. "सारे अंगावर येऊन उभे होते बाप्पा. हाललं नाही पोरगं."

मग रस्त्याकडेच पाहत त्यांनी मला विचारले, "तुही पुढची मॅच कवा हाये?"