खणणाऱ्यांची नावं

"ज्याचं त्याला बरोबर सुचतं," अध्यक्षकाका माईकवर म्हणाले. "आमच्या पोरांना गड-किल्ले सुचतात. हिला घाण उपसणं सुचलं. घरचं वळण, दुसरं काय!"

हॉल हसला. मस्कतच्या मराठी मंडळाने भाड्याने घेतलेला हॉल. मी अजून स्टेजवरच होते. नववीत. आम्ही बौद्ध आहोत हे सगळ्यांना माहीत होतं. आई तिसऱ्या रांगेत होती. तिने पदर उगाच नीट केला. बाबा हसले. हो, बाबाही हसले. ते रुसैलच्या एका कारखान्यात फिटर होते आणि अध्यक्षकाका तिथले मॅनेजर.

वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता ओमानचा इतिहास. मी कुरिया मुरिया बेटं घेतली होती. दक्षिण किनाऱ्यासमोरची, ओसाड. सुलतानाने ती इंग्लंडच्या राणीला भेट दिली. राणीने उलट तपकिरीची डबी पाठवली, असं सांगतात. इंग्रजांना तिथे काय हवं होतं? पक्ष्यांची विष्ठा. वर्षानुवर्षं साचलेली, इंग्लंडातल्या शेतांना खत म्हणून. जहाजं आली. मजुरांनी उन्हात खणलं. व्यापारी गब्बर झाले. शंभरेक वर्षांनी बेटं परत दिली.

"सुलतानाचं नाव आहे, राणीचं आहे. खणणाऱ्यांपैकी एकाचंही नाव मला सापडलं नाही." हे माझं शेवटचं वाक्य. शाळेत सगळं इंग्रजी, त्यामुळे माझं मराठी अडखळतं. या वाक्यावर मी अडखळले नव्हते.

मंडळात एक पद्धत होती. बक्षीस घेताना अध्यक्षांच्या पाया पडायचं. मला उत्तेजनार्थ मिळालं होतं. काका खुर्चीत पाय पुढे करून बसले होते.

"ये बाळा, ये. चेष्टा केली गं."

माझी कंबर सवयीने वाकायला लागली. अर्धी वाकले. मग सरळ झाले.

"मी पाया पडणार नाही. बक्षीस पण नको."

मस्कतजवळच्या अमेरातला घरी जाताना बाबा म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर चल. सॉरी म्हण. माझा व्हिसा त्यांच्या सहीने रिन्यू होतो, कळतंय का?"

आई मागच्या सीटवरून बोलली. "ती नाही येणार. तुम्ही का हसलात, ते आधी सांगा."

बाबांनी रेडिओचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही.

महिन्याभरात बाबांची दोनशे किलोमीटरवरच्या सोहारच्या साइटवर बदली झाली. राहायला लेबर कॅम्प. आम्ही दोघी अमेरातलाच. "खलास, झालं ते झालं," बाबा फोनवर म्हणायचे. माझ्यापुरतं काही खलास झालं नाही.

आता मी कॉलेजात आहे. आमच्या घरातली पहिली. सगळे इंजिनिअरिंग म्हणत होते, मी इतिहास घेतला. मैत्रिणी म्हणतात, एवढी वर्षं झाली, माफ करून टाक. कदाचित माझ्यातच काही कमी असेल. मला माफ करावंसं वाटत नाही. काकांनी माफी मागावी असंही वाटत नाही. मागितली तर मी घेणार नाही.

मला लिहायचंय. त्या बेटांवर कोणी खणलं ते. रुसैलला कोण राबलं ते. आणि त्यांच्यावर माईकवरून कोण हसलं ते. मजुरांची नावं शोधण्यात माझा जन्म जाईल, जाऊ दे. अध्यक्षकाकांचं नाव मला शोधावं लागणार नाही. ते मी पूर्ण छापीन, आडनावासकट. आणि इंग्रजीत छापीन, म्हणजे त्यांच्या नातवंडांना वाचता येईल.