कवडीच्या जागेवरची फरशी

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं चहा पिता पिता वाचतो आणि बायकोला मोठ्यानं वाचून दाखवून हसतो. भुतं म्हणे पिंपळावर बसतात... बसू देत बापडी! जन्मभर शाळेत सायन्स शिकवलेला माणूस मी. तरीही आज लिहायला बसलोय, कारण एक गोष्ट बायकोलासुद्धा कधी सांगितलेली नाही.

निजामाच्या राज्याची ती शेवटची दोन-तीन वर्षं. आमचं घर बिदरला. अप्पा — म्हणजे माझे वडील — पटवेकरी. पोत, बोरमाळ, मंगळसूत्र रेशमात गाठवून द्यायचे. मी गुलबर्ग्याहून इंटर सायन्स करून नुकताच घरी आलो होतो — फिजिक्ससुद्धा उर्दूतून शिकलेला! बिदर उंचावर, थंडीत वारा हाडात शिरतो. त्या वर्षी सकाळी अप्पांची बोटं वळेनात. गाठ बसायच्या आधीच सुटायची, मणी घरंगळून सारवलेल्या जमिनीच्या भेगांत जायचे. लग्नसराई तोंडावर आलेली. एक दिवस ते हात मांडीवर ठेवून ओसरीवर नुसतेच बसलेले दिसले. बोटं गेली तर या माणसाकडं काय उरणार होतं?

मी जाहीर करून टाकलं — परसातल्या गोठ्याचं वर्कशॉप करू, उबदार. गोठ्यात एकच गाय होती, कवडी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली, देवणी जातीची, अप्पांनीच वासरापासून वाढवलेली. तिला कमठाण्याला अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, सासरी पाठवलं. अप्पा वेशीपर्यंत तिच्यासोबत गेले आणि परत आल्यावर जेवले नाहीत.

आता माझी हुशारी ऐका. भिंतीपासून वीतभर आत तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, कूड उभा केला, मधल्या पोकळीत भुसा आणि कडुनिंबाचा पाला ठासून भरला, वरून शेणमातीनं लिंपलं. पत्र्याखाली कडबा आणि गोणपाट. ऊब राखायची तर हवा कोंडायची — पुस्तकातलं ज्ञान! मग जमीन. कवडीच्या शेणामुतानं मुरलेली माती हातभर खणून काढली, मुरूम टाकून धुमसानं ठोकला आणि वाळू-चुन्यावर शहाबादी फरशी बसवली. मणी पडला तर लगेच दिसावा म्हणून.

पहिल्या सकाळी अप्पा आत बसले आणि पाचव्या मिनिटाला उठले.

"दगडावर बसवलास की रं मला! शेणाची भुई बरी व्हती, ऊब तरी धरायची."

खरंच होतं. चारी भिंती आणि छप्पर सांभाळण्याच्या नादात बुडाखालचा दगड विसरलो होतो. पोतं घातलं, घोंगडी घातली... गारवा वर येतच होता.

तिसऱ्या दिवशी अप्पा सरकत सरकत मागच्या कोपऱ्याकडं गेले. "हितं ऊब लागायलीय बघ."

मी हात ठेवला. एकच फरशी कोमट होती. जनावर नुकतंच उठून गेल्यावर जागा असते तशी. कवडीचा खुंटा तिथंच होता, ती तिथंच बसायची. तिथवर ऊन पोचत नव्हतं, जवळ चूल नव्हती. मी फरशी उचकटली. खाली तोच मुरूम, तीच वाळू. मग ती फरशी दाराशी लावली आणि दाराशी असलेली तिथं. दुसऱ्या सकाळी दाराशी नेलेली गार, आणि कोपऱ्यात आलेली कोमट!

अप्पांनी चिकित्सा केली नाही. ते तिथं मांडी घालून बसायचे, मधूनमधून तळवे टेकवायचे, आणि त्यांची बोटं मोकळी झाली. काम भराभर उरकायला लागलं. ते गुणगुणायलाही लागले. मला धन्य वाटलं.

संक्रांतीला अक्का आली. परसात मला एकट्याला गाठून म्हणाली, "कवडीला काय झालंय कळेना रं. चारा खायलीय, दूधबी देयलीय, पण सकाळी पोटाला हात लावला की दगड लागायलाय. कामून असं होयलंय? तू शिकलेला हायस."

"थंडी हाय अक्का. गोणपाट घाल अंगावर."

पण दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत मी कमठाण्याला गेलो. कवडीनं ओळखलं, मान लांब करून हात चाटला. जीभसुद्धा गार. ज्या कुशीवर ती बसायची त्या डाव्या कुशीला मी तळवा लावला आणि झटकन मागं घेतला. उष्णता नव्यानं जन्मत नाही, एकीकडं आली म्हणजे दुसरीकडून गेली — परीक्षेत लिहिलेलं वाक्य. त्या गोठ्यात ते आठवलं, आणि आमच्या कोपऱ्यातली कोमट फरशीही.

घरी आलो तर अप्पा एका नवरीची पोत गाठवत होते.

"कवडी कशी हाय रं?"

"बरी हाय."

सांगितलं असतं तर ते तिथल्या तिथं उठले असते. माझा बाप मला माहीत होता. एवढी लग्नसराई होऊ दे, मग गाय परत आणू, अंगणात बांधू — असं मी ठरवलं. सायन्सवाल्यानं असल्या खुळचट गोष्टीला भ्यायचं कशाला, असंही स्वतःला बजावलं.

माघ संपत आला होता. एका सकाळी अप्पा वर्कशॉपमधून बाहेर आले. "फरशी गार पडलीय रं," म्हणाले. दुपारी कमठाण्याहून भाऊजी आले. कवडी पहाटेच गेली होती.

"लई दिवस झाले, अंग गार पडायलं व्हतं," भाऊजी म्हणाले. "ह्यो बघून गेला व्हता की."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि हळूच विचारलं, "म्हंजी इतके दिस मी तिच्यावर बसलो व्हतो व्हय?"

मी उठून परसात गेलो आणि पहार घेतली.

उन्हाळ्यात त्यांची बोटं आपोआप मोकळी झाली, पण रेशीम त्यांनी पुन्हा हातात घेतलं नाही. मी ती जागा तीनदा खणली, काही सापडलं नाही. कुणा वाचकाला कारण सुचलं तर जरूर कळवा. फक्त 'योगायोग' एवढं लिहू नका... तो मी स्वतःला साठ वर्षं शिकवून बघितलाय.