ब्लाउजपीसची साखर

शहाद्यात काही नवी वस्तू आली की लोक इंदरमल शेठजींचं मत विचारायला मुद्दाम दुकानात यायचे. ते मत पाळायला नव्हे, त्याच्या नेमकं उलट करायला. कारण शेठजींचा अंदाज एवढ्या नेमाने चुकायचा की त्याच्यावर पंचांग बसवावं. रेडिमेड कपडा आला तेव्हा ते म्हणाले होते, शेतात राबणारा माणूस शिंप्याचं माप सोडणार नाही. मोबाइल आला तेव्हा म्हणाले, सहा महिन्यांचं खूळ आहे. पैसे घ्यायचा तो चौकोनी कोड तर त्यांनी दोन वर्षं गल्ल्याच्या आसपास फिरकू दिला नाही. आता दुकानाच्या पुढच्या भागात मुलगा अंकितचे मोबाइल आणि काचेच्या पार्टिशनमागे शेठजी, त्यांची कापडाची थानं आणि ब्लाउजपीसचे ढीग, अशी वाटणी झालेली होती.

शेठजींना याचं दुःख नव्हतं असं नाही, पण ते बोलून दाखवत नसत. हल्ली ते ‘नाही’ म्हणताना आधी घरच्यांचे चेहरे बघून घ्यायचे. शब्द निघायच्या आतच लोक हसायला लागतात, हे त्यांना कळून चुकलं होतं.

अंकितचं मात्र बरं चाललं होतं. घरात ही मंडळी मारवाडी बोलायची, पण अंकित व्हिडिओ करायचा ते अहिराणीत. नवा फोन हातात घेऊन तो असा फर्मास बोलायचा की दोंडाईच्यापासून तळोद्यापर्यंत त्याचं नाव झालं होतं. म्हणूनच त्या कंपनीने लाँचच्या महिनाभर आधी एक घड्याळ त्याच्याकडे पाठवलं. हे घड्याळ म्हणे मनगटावर बांधलं की रक्तातली साखर सांगतं. सुई नाही, रक्त नाही. कंपनीने कागदावर सही घेतली होती: लाँचआधी चांगलं बोलायला मोकळीक, बाकी तोंड बंद.

अंकितने ते घड्याळ आईच्या, लहरीबाईंच्या, हातावर बांधलं आणि व्हिडिओ केला. “मन्ही मायना हातवर शे, देखा. आते बोट टोचानं काम नही.” आठवड्यात व्हिडिओ लाखाच्या वर गेला. प्रकाशा गावचे सुकलाल पाटील हे शेठजींचं जुनं गिऱ्हाईक, पंधरा वर्षं साखरेचे रोगी. ते लग्नाचा आहेर घ्यायला आले आणि पार्टिशनच्या अलीकडेच थांबून घड्याळ कधी येणार ते विचारू लागले.

“शेठ, ती घडी कवय ई ऱ्हायनी? मन्हं बोट टोची टोची चाळणी व्हई गयं.”

शेठजींनी मान हलवली. यावर त्यांचं मत काय, असं सुकलालभाऊंनी हसत हसत विचारलं, तेव्हा शेठजी म्हणाले, माझं मत तुम्हाला ठाऊकच आहे. दोघंही हसले. शेठजींचं हसू थोडं आधी थांबलं.

लहरीबाईंना साखर लागून सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून डॉक्टरांनी उपास बंद केले होते. सहा पर्युषणं, जैनांचे ते उपासाचे आठ दिवस, बाईंनी दुसऱ्यांच्या उपासांचं कौतुक करण्यात घालवली. जावेने अठाई केली, म्हणजे सलग आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर काढले, तेव्हा तिच्या पारण्याला मुगाचं पाणी बाईंनीच पाजलं होतं, आणि घरी आल्यावर कपाटाकडे तोंड करून रडल्या होत्या. ते शेठजींनी पाहिलं होतं.

या वर्षी घड्याळ हातावर होतं आणि सुईची डबी बंद पडून होती. सकाळी अठ्ठ्याण्णव, दुपारी जेवणानंतर एकशे सव्वीस, संध्याकाळी एकशे दहा. इतकी शहाण्यासारखी साखर बाईंची कधीच नव्हती. त्या म्हणाल्या, मी अठाई करणार. डॉक्टरांना विचारू या, असं शेठजी पुटपुटले, तर त्या म्हणाल्या, डॉक्टर आणि तुम्ही, दोघांना एकच शब्द येतो. गोळी तेवढी दिवसा पाण्याबरोबर घेणारच होत्या, त्यात कसूर नको म्हणून. पर्युषणाच्या पहिल्या सकाळी त्यांनी स्थानकात, म्हणजे जैन साध्वी उतरतात त्या जागी, महासतीजींसमोर हात जोडून उपासाचं पच्चक्खाण, म्हणजे व्रताचा नियम, घेतलं. नियम रोजचा रोज घ्यायचा असतो, पण मनात आठही दिवसांचा घेऊनच त्या घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला शेठजी जेवायला बसले. त्यांचं एकासणं होतं, दिवसातून एकदाच जेवण. बाई समोर बसून वाढत होत्या. त्यांचं मनगट ताटाजवळ आलं आणि शेठजींना आकडा दिसला. एकशे सव्वीस.

घास तोंडाशीच थांबला. जेवणानंतर एकशे सव्वीस, हे त्यांनी तीन आठवडे ऐकलं होतं. पण बाई जेवल्याच कुठे होत्या? दोन दिवसांच्या उपाशी बाईची साखर बरोबर जेवणाच्या वेळेला कशी चढली? चाळीस वर्षं कापड मोजणाऱ्या माणसाला दुसरं काही कळो न कळो, माप सारखंच येत असेल तर माल नव्हे, मापच तपासायचं, एवढं कळतं.

तिसऱ्या दिवशी अंकितने घड्याळ चार्जिंगला दुकानात आणलं आणि तो पार्सल सोडवायला गेला. शेठजी पुढे आले. चोरासारखं इकडेतिकडे पाहून त्यांनी घड्याळ मागे नेलं. ढिगातला एक पोपटी ब्लाउजपीस काढला, मनगटाएवढी गुंडाळी केली आणि घड्याळ तिच्यावर बांधलं. दीड वाजला. घड्याळाने ब्लाउजपीसची साखर दाखवली: एकशे सव्वीस.

आयुष्यात पहिल्यांदा इंदरमल शेठजींचा संशय खरा निघाला होता.

ते उठून तडक घरी आले. सांगायचंच, हे ठरवूनच आले होते. दारातच बायकांच्या चपला दिसल्या. आत शेजारणी तपस्येची गाणी म्हणत होत्या आणि मधोमध लहरीबाई बसल्या होत्या, सुकलेल्या ओठांनी हसत. शेठजींना पाहून त्या उठून आत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, सहा वर्षांनी आज पहिल्यांदा मी आजारी नाही असं वाटतंय.

शेठजी म्हणाले, पाणी पीत जा.

मग त्यांनी स्वतःची समजूत घालायला घेतली, आणि समजूत घालायला कारणं हवी तेवढी मिळतात. मोबाइलला हसलो, कोडला हसलो, प्रत्येक वेळी मीच तोंडघशी पडलो. यंत्राचं आपल्याला काय कळतं? कापडालाही आकडा दाखवायची त्याची काही रीत असेल. चेहरा तर तिचा टवटवीत आहे. अंकितला विचारू, पण तो लाँचच्या गडबडीत, उद्या विचारू. उद्याचा दिवसही तसाच गेला. शेठजी पोपटी ब्लाउजपीस दुकानातल्या गादीखाली दडवून वर बसून राहिले.

पाचव्या दिवशी सकाळी स्थानकात पच्चक्खाणासाठी हात जोडलेले असतानाच लहरीबाई एका बाजूला कलंडल्या. अंग घामाने चिंब. दवाखान्यात नर्सने पहिलं काम केलं ते बोट टोचण्याचं. साखर एक्केचाळीस. मनगटावरचं घड्याळ तेव्हा अठ्ठ्याण्णव दाखवत होतं. पोट रिकामं ठेवून साखर उतरवायची गोळी रोज घेतली, अजून तासभर गेला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर शेठजींकडे बघत म्हणाले. मग शिरेतून ग्लुकोज चढलं आणि अठाई चार उपासांवर मोडली.

अंकित भिंतीला टेकून रडत होता. हे नमुन्याचं घड्याळ आहे, आकडे आधीच भरलेले आहेत, खरं मोजमाप लाँचच्या दिवशी सुरू होईल, असं कंपनीने त्याला सांगितलं होतं. आई रोज बोटही टोचून बघत असेल, असं तो धरून चालला होता. त्याने व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो गावोगावच्या ग्रुपवर पोचला होता, तिथून कोण काढणार?

सातव्या दिवशी बाईंना घरी आणलं. त्याच दुपारी सुकलालभाऊ घड्याळाची आगाऊ नोंदणी करायला आले. शेठजी मागून उठले, गादीखालचा ब्लाउजपीस काढला आणि घड्याळ त्याच्यावर बांधून काउंटरवर ठेवलं.

“भाऊ, ह्या कपडाले बी साखर शे. तुम्ही बोटच टोचा.”

सुकलालभाऊंनी आकडा पाहिला. मग हे कधी समजलं, असं त्यांनी विचारलं. शेठजींनी घड्याळ सोडून घेतलं आणि ब्लाउजपीसची घडी घालत बसले.

आठवा दिवस संवत्सरीचा. संध्याकाळी प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या चुकांची उजळणी, झालं की लहानथोर सगळे एकमेकांना हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी. समोरच्यानेही तेच शब्द परत करायचे. कशाबद्दल, असं कोणी विचारत नाही. तशी रीतच नाही. शेठजी दरवर्षी शंभर घरी हे शब्द पानसुपारीसारखे वाटून यायचे. या वर्षी कोणाकडे न जाता ते लहरीबाईंच्या पलंगापाशी उभे राहिले. हात जोडले. ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणाले.

लहरीबाईंनी हात जोडायला उचलले होते. पण त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि हात तसेच राहिले.

“कशाबद्दल?” त्यांनी विचारलं.

चाळीस वर्षांच्या संसारात हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. शेठजींना खोटं बोलता आलं नाही. दीड वाजताचा आकडा, पोपटी ब्लाउजपीस, दारातल्या चपला, सगळं त्यांनी सांगितलं. तू आनंदात होतीस, हेही सांगितलं, आणि सांगतानाच ते किती तोकडं आहे हे त्यांना कळलं.

बाईंनी उचललेले हात खाली घेतले.

“जन्मभर माझ्या प्रत्येक गोष्टीला नाही म्हणालात,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी एकदा म्हणायचं होतं.”

ते शब्द त्यांनी परत केले नाहीत. दुसऱ्या दिवशी गावात पारणी झाली, तिकडे मुंबईत की कुठे घड्याळाचं लाँचही झालं. लहरीबाईंनी सकाळी उशाजवळची सुईची डबी शेठजींकडे सरकवली आणि बोट पुढे केलं.

“टोचा. आणि आकडा येईल तो मोठ्याने सांगा.”

पहिल्यांदा सुई चुकली. शेठजींनी बोट पुन्हा हातात घेतलं.